पाण्याखाली पाणबुडी उभी राहत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संगणकावरच्या पाणबुडीच्या खेळांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. असा विषय मराठी वर्तमानपत्राने अर्धे पान देऊन हाताळला, याचे कौतुक आहेच. पण लेखातल्या दोन गोष्टी तशाच सोडता येत नाहीत. हे खेळ ‘भौतिकशास्त्राच्या कसोटीवर अस्सल’ आहेत असे त्यात म्हटले आहे, ही एक. दुसरी म्हणजे सोबतच्या चौकटीत दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टाइप 7-सी पाणबुडीचे 871 टन आणि आपल्या कलवरी वर्गाचे 1,615 टन शेजारी शेजारी छापले आहेत. पहिला आकडा पाण्याखालचा, दुसरा पाण्यावरचा. नवी मुंबईत अलीकडे सुट्टीच्या शिबिरांत हे खेळ पडद्यावर लावून मुलांना आर्किमिडीज शिकवायची टूम निघाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्याचे बघू. पाणबुडीला एकच विस्थापन (ती बाजूला सारते त्या पाण्याचे वजन) नसते. टाइप 7-सीची तीन आहेत : 769 टन, 871 टन आणि 1,070 टन. पृष्ठभागावर तरंगताना ती 769 टन पाणी बाजूला सारते, म्हणजे तेवढे तिचे वजन. बुडी मारताना मेन बॅलास्ट टाक्यांत (बुडण्यासाठी भरायच्या आणि वर येण्यासाठी रिकाम्या करायच्या टाक्यांत) 102 टन पाणी येते आणि बेरीज 871 होते. तिसरा आकडा बाहेरच्या संपूर्ण आकाराचा. वरचे डेक, त्याखालचे केसिंग (पत्र्याचे हलके आवरण), कॉनिंग टॉवरच्या (वरच्या मनोऱ्याच्या) भोवतीचे कवच, या सगळ्या जागा भोकाभोकांच्या असतात आणि बुडी मारली की आपोआप भरतात. तिथले सुमारे 200 टन पाणी पाणबुडीला खाली ओढत नाही की वर उचलत नाही, कारण पाण्यात पाण्याला वजन नाही. पण पाणबुडी पुढे निघाली, वळली किंवा खाली-वर सरकली की ते पाणी तिला सोबत न्यावेच लागते.

म्हणून खेळ लिहिणाऱ्याने प्लावक बलाच्या हिशेबात 871 घ्यायचे आणि वेग वाढण्या-कमी होण्याच्या हिशेबात 1,070. शिवाय हलणाऱ्या वस्तूभोवतीचे पाणीही तिच्याबरोबर ढकलले जाते, त्याची भर वेगळी घालायची. लांबीच्या दिशेने ही भर किरकोळ असते, पाच टक्क्यांच्या आत. वर-खाली सरकताना मात्र ती जवळजवळ बाजूला सारलेल्या पाण्याइतकीच होते, म्हणजे आणखी हजारेक टन. बहुतेक खेळांच्या फाइलमध्ये ‘वस्तुमान’ नावाची एकच जागा असते आणि गडबड तिथूनच सुरू होते. तिथे 1,070 भरून प्लावक बल 871चे ठेवले की पाणबुडी 199 टनांनी जड होऊन दगडासारखी तळाला जाते. मग ती सावरायला खोटे उचलबळ जोडले जाते आणि एका चुकीवर दुसरी चढते. सगळीकडे 769 भरले तर पाणबुडी स्कूटरसारखी सुटते आणि स्कूटरसारखीच थांबते.

अमेरिकन पाणबुड्यांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. त्यांचे आकडे लाँग टनात, म्हणजे 1,016 किलोच्या टनात असतात. शिवाय 1930च्या लंडन नौदल कराराने ठरवलेल्या ‘प्रमाण विस्थापना’त इंधन, वंगण, गोडे पाणी आणि बॅलास्टचे पाणी धरतच नाहीत. गॅटो वर्गाचे 1,525 आणि 2,424 हे आकडे बहुतेक तक्त्यांत सापडतात. त्यांची वजाबाकी करून ‘राखीव प्लवन 59 टक्के’ (म्हणजे पूर्ण बुडायला वजनाच्या किती टक्के पाणी आणखी आत घ्यावे लागेल) असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकतो, कारण पहिल्या आकड्यात डिझेलच नाही.

राखीव प्लवन हे प्रकरण खेळात फार महत्त्वाचे आहे. आपल्याच नौदलातली उदाहरणे घ्या. रशियन बनावटीचा सिंधुघोष वर्ग : वर 2,325 टन, खाली 3,076 टन, म्हणजे राखीव 32 टक्के. माझगाव डॉकमध्ये फ्रेंच आराखड्यावर बांधलेला कलवरी वर्ग : 1,615 आणि 1,775, म्हणजे जेमतेम 10 टक्के. जर्मन आराखड्याचा शिशुमार वर्गही (ज्यातली शाल्की 1992 साली माझगाव डॉकमधूनच नौदलात दाखल झाली) 11-12 टक्क्यांच्या घरात येतो. रशियन पद्धतीत दुहेरी हल (कवच) असतो आणि दोन कवचांमधली मोठी जागा बॅलास्टला मिळते. त्यामुळे एखादा कप्पा पाण्याने भरला तरी तरंगत राहण्याची आशा असते. त्याची किंमत म्हणजे बुडी मारताना 751 टन पाणी आत घ्यावे लागते. कलवरीला 160 टन पुरतात. हा फरक ज्या खेळात जाणवत नाही, तिथे या दोन पाणबुड्या म्हणजे एकच इंजिन आणि दोन रंगांचे पत्रे.

आता मुख्य मुद्दा. पृष्ठभागावरचे जहाज स्वतःच स्वतःला सावरते. थोडे जड झाले की थोडे खाली बसते, जास्त पाणी बाजूला सारते आणि हिशेब जुळतो. पाण्याखालच्या पाणबुडीला ही सोय नाही. ती पूर्ण बुडालेलीच असते, त्यामुळे आणखी खाली गेली तरी तिला जास्त पाणी सारता येत नाही. वजन आणि प्लावक बल किलोकिलोने जुळले तरच ती जागच्या जागी राहील, आणि असे जुळणे प्रत्यक्षात टिकत नाही. तरीही कित्येक खेळांत 60 मीटरवर इंजिन बंद केले की पाणबुडी खिळा ठोकल्यासारखी तिथेच उभी राहते. खेळाडू निवांत चहाला जातो, वर विनाशिका घिरट्या घालतात आणि खाली काहीच घडत नाही.

घडायला काय हवे, ते आकड्यांत सांगतो. टाइप 7-सी एका टनाने जड आहे आणि मोटारी बंद आहेत असे धरा. हलणारे एकूण वस्तुमान, सोबतच्या पाण्यासकट, साधारण 2,000 टन आणि वरून दिसणारे क्षेत्रफळ सुमारे 300 चौरस मीटर. पहिल्या मिनिटात ती सात-आठ मीटर खाली जाईल आणि नंतर पाण्याचा अडथळा आणि वजन जुळून मिनिटाला सुमारे 15 मीटर या वेगाने बुडत राहील. एक टन म्हणजे 871 टनांच्या हजारातल्या एका भागाहून किंचितच जास्त. शंभर किलोंच्या फरकाला वेग कमी, पण दिशा तीच. शिबिरातल्या शिक्षकांनी मुलांसमोर करण्याजोगी पहिली चाचणी हीच : पेरिस्कोपच्या खोलीवर मोटारी बंद करा, घड्याळ लावा, दहा मिनिटे खोलीमापक बघा. काटा हललाच नाही तर त्या खेळात आर्किमिडीज नाही, फक्त खोलीचा आकडा धरून ठेवणारी एक ओळ आहे.

प्रत्यक्षात हा हिशेब बिघडवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत आणि प्रत्येकीला खेळात वेगळी वागणूक हवी.

पाण्याची घनता ही पहिली. कलवरीचे बुडलेले घनफळ सुमारे 1,730 घनमीटर. घनमीटरमागे पाणी एका किलोने हलके झाले की पाणबुडी पावणेदोन टनांनी जड. अरबी समुद्राचे वरचे पाणी 28 अंशांचे आणि खालच्या थरातले 20 अंशांचे धरले, तर नुसत्या तापमानामुळे जवळपास चार टनांचा फरक पडतो. बाल्टिकसारख्या कमी खाऱ्या समुद्रात घनता घनमीटरला 1,005 किलोच्या आसपास येते. तिथे टाइप 7-सीला खुल्या समुद्राच्या तुलनेत 17 टन पाणी बाहेर टाकावे लागेल. आपल्याकडे हे हाताने मोजता येते. शाळेच्या प्रयोगशाळेतला हायड्रोमीटर (घनतामापक) घ्या, मे महिन्यात भरतीच्या वेळी वाशीच्या जेट्टीवरून एक बादली पाणी काढा, तसेच ऑगस्टमध्ये मोठ्या पावसानंतर काढा आणि दोन्ही वाचने वहीत लिहा. ठाणे खाडीत पाणबुडी काही येणार नाही, पण फरक मुलांच्या डोळ्यांसमोर येईल. बहुतेक खेळ मात्र सगळ्या समुद्रांना मिळून 1,025 हा एकच आकडा लावून मोकळे होतात.

याच घनतेचा एक उपयोगही आहे. वर उबदार आणि खाली गार पाणी असेल तर पाणबुडी त्या सीमेवर टेकून राहू शकते. खाली गेली की पाणी जड, म्हणून ती हलकी. वर आली की उलट. मोटारी बंद ठेवून थांबण्याचे जे मोजके मार्ग आहेत त्यांतला हा एक. दुसरा म्हणजे सरळ तळावर बसणे. मुंबईसमोरचा समुद्र दूरवर उथळ आहे, त्यामुळे इथल्या मोहिमा बनवणाऱ्यांना तो सुचतोच. पण तळावर बसायचे तर काही टन जास्तीचे पाणी घेऊन मुद्दाम जड व्हावे लागते, नाहीतर प्रवाह ओढत नेतो. तळ चिखलाचा असला तर निघताना चिखल धरून ठेवतो, ते वेगळेच. (खांदेरी किल्ल्यासमोर पेरिस्कोप काढून बसलेली पाणबुडी दाखवणारी एक हौशी मोहीम फिरते आहे. तिथल्या पाण्यात ती पाणबुडी बुडणारच नाही, हे कोणीतरी सांगायला हवे होते.)

दुसरी गोष्ट खोली. दाबाने हल आकसतो. टाइप 7-सीच्या प्रेशर हलचा (दाब सोसणाऱ्या कवचाचा) व्यास 4.7 मीटर आणि पत्रा 18.5 मिलिमीटर. शंभर मीटर खोलीवर त्याचे घनफळ ढोबळमानाने हजारात एक भाग घटते. समुद्राचे पाणीही दाबाने किंचित घट्ट होते आणि निम्म्याच्या आसपास भरपाई करते, पण पूर्ण नाही. म्हणजे दर शंभर मीटरला पाव ते अर्धा टन जड. आकडा लहान, पण त्याची दिशा वाईट. खाली गेली की जड, जड झाली की आणखी खाली. नवख्या खेळाडूने 200 मीटरवर ट्रिम (वजन-प्लवनाचा आणि पुढच्या-मागच्या भाराचा तोल) न सुधारता मोटारी थांबवल्या तर त्याला हे कळलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट इंधन, आणि इथे बहुतेक खेळ सपशेल उलटे जातात. डिझेल संपले की पाणबुडी हलकी होते, असे त्यांना वाटते. बाहेरच्या इंधन टाक्यांत डिझेल जळेल तसे खालून समुद्राचे पाणी जागा घेते. डिझेल घनमीटरला 850 किलो, समुद्राचे पाणी 1,025. म्हणजे जळलेल्या प्रत्येक घनमीटरमागे पाणबुडी 175 किलोने जड होते. टाइप 7-सीचे 113 टन इंधन अशा टाक्यांत आहे असे धरले तर सगळे संपेपर्यंत 23 टनांचा बोजा वाढतो आणि तेवढे पाणी रेग्युलेटिंग टाकीतून (वजन जुळवण्यासाठी पाणी घेण्या-सोडण्याच्या टाकीतून) वेळोवेळी उपसून टाकावे लागते. खाल्लेले धान्य आणि बाहेर फेकलेला कचरा उलट दिशेने काम करतात. खऱ्या पाणबुडीवर बंदर सोडण्यापूर्वी या सगळ्याचा हिशेब कागदावर मांडतात आणि बुडी मारण्याच्या जागी पोहोचल्यावर तो प्रत्यक्ष बुडीत पडताळून पाहतात. खेळात निदान या पडताळणीला जागा द्यायला हवी. त्यातली मजा टॉर्पेडो सोडण्यापेक्षा कमी नाही, फक्त ती कळायला थोडी बैठक लागते.

टॉर्पेडोचेही तसेच. जर्मन इलेक्ट्रिक टॉर्पेडो साधारण 1,600 किलोंचा. तो नळीतून गेला की त्या जागी समुद्राचे पाणी शिरते आणि ते टॉर्पेडोपेक्षा दोन-तीनशे किलोंनीच कमी भरते. त्यामुळे नुकसान 1,600 किलोंचे नाही, तर या फरकाचे, आणि तेवढे पाणी लगेच भरपाईच्या टाकीत घ्यायचे असते. जे खेळ पूर्ण 1,600 किलो वजा करतात त्यांत चार टॉर्पेडो सोडल्यावर पाणबुडी बुचासारखी वर येते. जे काहीच वजा करत नाहीत त्यांत काहीच होत नाही. खरे याच्या मध्ये आहे. चार टॉर्पेडोंनी मिळून टनभर हलकेपणा, तोही नाकाशी, आणि भरपाईला थोडा उशीर झाला तर नाक उचलले जाते.

किती उचलले जाते, हे पाणबुडीच्या लांबीच्या दिशेने असलेल्या स्थैर्यावर ठरते. आमच्या मते खेळांतली सर्वांत मोठी चूक इथे आहे. पृष्ठभागावर पाणबुडीचे लांबीच्या दिशेचे स्थैर्य तिच्या पाणरेषेच्या आकारातून येते. टाइप 7-सीच्या मापाच्या पाणबुडीला तिथे पन्नासेक मीटरची मेटासेंट्रिक उंची (स्थैर्याचे माप, जितकी जास्त तितकी पाणबुडी ताठ) मिळते. बुडी मारली की पाणरेषाच उरत नाही. मग नाक आणि शेपूट सरळ ठेवायला उरते फक्त गुरुत्वमध्य (जिथे सगळे वजन एकवटले असे धरतात तो बिंदू) आणि प्लवनमध्य (जिथे प्लावक बल एकवटले असे धरतात तो) यांमधले अंतर. ते 25 सेंटिमीटर धरा. म्हणजे पाणबुडी पृष्ठभागावर होती त्याच्या दोनशेव्या हिश्शाइतकी ताठ राहिली. आता 75 किलोंची 20 माणसे 30 मीटर पुढे पळाली, तर हा 45 टन-मीटरचा हिसका पाण्याखाली नाक जवळपास 12 अंशांनी खाली नेतो. पृष्ठभागावर त्याच पळापळीने एक दशांश अंशही फरक पडत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांवर तातडीची बुडी मारताना मोकळ्या माणसांना नाकाच्या कप्प्याकडे पळायला लावत, ते याच कारणाने. नाकाशी टनभर हलकेपणा आला तर वरच्या हिशेबाने सहा-सात अंशांची चढण मिळते आणि पेरिस्कोपच्या खोलीवर तेवढ्याने कॉनिंग टॉवर पाण्याबाहेर डोकावतो.

यावरून दुसरी चाचणी : खेळात माणसे हलवता येत असतील तर मोटारी अगदी मंद ठेवून सगळ्यांना पुढच्या कप्प्यात पाठवा. नाक खाली गेले पाहिजे आणि मागच्या ट्रिम टाकीत पाणी ढकलल्यावर सरळ व्हायला हवे. काहीच झाले नाही तर खेळणाऱ्याला त्या ट्रिम टाक्या नुसत्या चित्रात दिसत आहेत.

हायड्रोप्लेनविषयी (पाणबुडीला वर-खाली वळवणाऱ्या आडव्या पात्यांविषयी) थोडक्यात. त्यांचे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्लेनचे एकूण क्षेत्रफळ सहा चौरस मीटर धरले तर 2 नॉट वेगाने त्यांच्याकडून पाव टनाच्या आसपास उचलबळ मिळेल आणि 4 नॉटला एक टन. म्हणजे टनभर चुकलेला ट्रिम 4 नॉटला लपतो आणि 2 नॉटला उघडा पडतो. त्यामुळेच पाठलागात वेग कमी करणे ही नुसती आवाज कमी करण्याची युक्ती राहत नाही, ट्रिम लावणाऱ्याची परीक्षा होते. पावसाळी समुद्रात पेरिस्कोपच्या खोलीवर लाटा पाणबुडीला वर खेचतात, तिथे आधीच काही पाणी जास्त घेऊन ठेवायला हवे. हे दाखवणारे खेळ फारच थोडे.

आता हवा. पृष्ठभागावर यायला टाक्यांतले पाणी दाबाच्या हवेने बाहेर ढकलतात, पण किती हवा लागते हे खोलीवर ठरते. टाइप 7-सीच्या बाटल्यांत हवा सुमारे 205 बार दाबाची. 102 घनमीटर टाकी 10 मीटरवर रिकामी करायला बाटल्यांतली एक घनमीटर हवा पुरते. 200 मीटरवर तेच करायला साडेअकरा घनमीटर लागते, कारण बाहेरचा दाब 21 बार आहे आणि बाटलीतली तेवढ्या दाबाखालची हवा निरुपयोगी. पण बरेच खेळ बटण दाबले की ‘हवा 10 टक्के कमी’ एवढेच करतात, खोली 20 मीटर असो की 200.

खोलवर सगळ्या टाक्या रिकाम्या करायची गरजही नसते. 100 मीटरवर पाच घनमीटर हवा सोडली तर पाच टन उचल मिळते, आणि 10 मीटरपर्यंत येताना तीच हवा पसरून 27 घनमीटर होते. वर येण्याचा वेग वाढतच जातो. व्हेंट (टाकीवरची हवेची झडप) उघडून हवा वेळेत सोडली नाही तर पाणबुडी उसळी मारून बाहेर येते आणि शत्रूच्या तोफेसमोर उभी राहते. युद्धकाळातले जर्मन खलाशी महागडी हवा वाचवण्यासाठी वर आल्यावर उरलेले पाणी डिझेल इंजिनाच्या धुराने बाहेर काढत. असे बारकावे दाखवायला खेळात फार काही लागत नाही, पण ते दिसले की लिहिणाऱ्याला विषय माहीत आहे हे कळते.

हवा झपाट्याने पसरली की गार पडते आणि तिच्यातला ओलावा गोठतो. 10 एप्रिल 1963 रोजी अमेरिकेची थ्रेशर ही पाणबुडी 129 माणसांसह बुडाली. नंतर तिच्याच वर्गाच्या पाणबुडीवर धक्क्याला घेतलेल्या चाचणीत हवेच्या जाळ्यांवर बर्फ धरून प्रवाह बंद पडल्याचे दिसले. कंप्रेसरवर काम केलेल्या कोणालाही ड्रायर आणि ओलावा काढणे कशासाठी असते ते सांगावे लागत नाही. खेळात सलग ब्लो केल्यावर (हवेने टाक्या रिकाम्या करत राहिल्यावर) व्हॉल्व्ह काही सेकंद अडकण्याची शक्यता ठेवली तरी तो प्रसंग जिवंत होईल.

गळतीलाही खोली हवी. 25 मिलिमीटरच्या भोकातून 100 मीटरवर मिनिटाला पाऊण टनाहून थोडे जास्त पाणी येते, 25 मीटरवर त्याच्या निम्मे. चौपट खोलीला दुप्पट पाणी, कारण वेग दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. आणि ते पाणी उपसायचे म्हणजे 200 मीटरवर मिनिटाला अर्धा घनमीटर बाहेर ढकलायला निव्वळ 17 किलोवॅट, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर 33-34. बॅटरी खर्च होते आणि पंपाचा आवाज वरच्या जहाजाच्या हायड्रोफोनला (पाण्यातला आवाज टिपणाऱ्या यंत्राला) ऐकू जातो. शांत राहायचे की खोली धरायची, हा पेच प्रत्यक्षात पाणबुडीच्या कप्तानासमोर सतत असतो. खिळा ठोकलेल्या पाणबुडीत तो येतच नाही.

खेळवाल्यांची बाजूही सांगायला हवी. हे सगळे त्यांना ठाऊक नसते असे नाही. अडचण काळ पळवण्याची आहे. महिनाभराची गस्त एका संध्याकाळी संपवायची तर काळ पाचशे-हजार पटीने पळवावा लागतो. तेव्हा गणिताचा एक टप्पा सेकंदाच्या काही हिश्शांऐवजी दहा-वीस सेकंदांचा होतो. एवढ्या लांब टप्प्यात वर सांगितलेले वजन-प्लवनाचे समीकरण डोलायला लागते आणि पाणबुडी एका टप्प्यात 50 मीटर खाली, पुढच्यात हवेत, अशी उडू लागते. सोपा उपाय म्हणून खोलीच बांधून टाकतात. योग्य उपाय असा : काळ 8 किंवा 16 पटींच्या वर गेला की खालच्या गणिताचे टप्पे लहानच ठेवून ते अधिक वेळा फिरवायचे, किंवा ट्रिम लावणारा एक कल्पित खलाशी बसवायचा. तो मिनिटाला अर्ध्या टनापेक्षा जास्त पाणी आत-बाहेर करू शकणार नाही, खोलीबरोबर त्याचा पंप मंद होईल आणि आवाजाची नोंद होईल. नवशिक्यासाठी हा खलाशी आपोआप काम करेल, सरावलेल्याला तो बंद करता येईल. फाइली उघडून बदल करणाऱ्या हौशी मंडळींनीही (2005चा सायलेंट हंटर 3 त्यांच्यामुळेच आजही खेळला जातो) आधी वस्तुमान आणि प्लवनाचे आकडे वेगळे करावेत, मग बाकीच्यांकडे वळावे. नाहीतर एका आकड्याची चूक दुसऱ्यात मुरते आणि कुठून आली ते शोधता येत नाही.

शिबिरे घेणाऱ्यांना एक सुचवायचे आहे. खेळ लावण्याआधी मुलांना झाकणाची प्लास्टिकची बाटली, वाळू आणि बादलीभर पाणी द्या. बाटली पाण्याच्या मधोमध स्थिर राहील एवढीच वाळू घालायला सांगा, चिमटी चिमटीने. अर्ध्या तासात बहुतेक बाटल्या एकतर वर असतील नाहीतर तळाशी. त्यानंतर पडद्यावरची 60 मीटरवर निवांत उभी राहिलेली पाणबुडी दाखवा आणि यात काय चुकले ते मुलांनाच विचारा.

आपल्या चौकटीत दुरुस्ती करायची झाल्यास ती अशी असावी : टाइप 7-सी, पृष्ठभागावर 769 टन, पाण्याखाली 871, बाह्य आकाराचे 1,070. कलवरी वर्ग, पृष्ठभागावर 1,615, पाण्याखाली 1,775. सिंधुघोष वर्ग, 2,325 आणि 3,076. सगळे मेट्रिक टनात. यापुढे पाणबुडीविषयीच्या कोणत्याही बातमीत टनांचा आकडा छापताना तो पाण्यावरचा की खालचा, एवढे दोन शब्द सोबत द्यावेत ही विनंती.

आपले,
जहाजबांधणी, पंप आणि कंप्रेसर या क्षेत्रांतले काही निवृत्त तंत्रज्ञ
नेरुळ आणि ऐरोली, नवी मुंबई